रँडम नंबर काढताना स्पीड किती आणि अचूकपणा किती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स, विंडोज, मॅक आणि बीएसडी या सगळ्यांवर चालणारा कोड लिहिणारे लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, खाली जाल तसे अवघड होत जातात. एकच उत्तर दोनदा लिहिण्यापेक्षा कुठल्या प्रश्नाखाली बघायचं ते सांगितलंय.

मला फक्त रँडम नंबर हवाय, एवढ्या प्रकारांतून कुठला घेऊ?

आधी एकच गोष्ट ठरवा, हा नंबर दुसऱ्या कुणाला ओळखता आला तर काही बिघडतं का. पासवर्ड, टोकन, सेशन आयडी, ओटीपी, एन्क्रिप्शनची की, पैशाचा संबंध असलेला ड्रॉ, यात बिघडतं, मग नंबर ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच घ्यायचा, विषय संपला. सिम्युलेशन, गेममधली झाडं कुठे उगवायची, टेस्टचा डेटा, मॉडेल ट्रेनिंग, यात कुणी ओळखला तरी फरक पडत नाही, उलट तोच सीड (सुरुवातीचा आकडा) दिला की तेच आकडे परत यायला हवे असतात, नाहीतर बग शोधणार कसा. तिथे झोशिरो किंवा पीसीजीसारखा साधा जनरेटर घ्या.

आणि कुठल्या गटात आहोत तेच कळत नसेल तर ऑपरेटिंग सिस्टीमचाच घ्या. तो थोडा हळू असला तर प्रोफायलरमध्ये (कोडचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या टूलमध्ये) दिसेल आणि बदलता येईल, पण ओळखता येणारं टोकन कुठल्याच प्रोफायलरमध्ये दिसत नाही.

पण सिक्युअर वाला खूप स्लो असतो ना?

जेवढं लोक समजतात तेवढा नाही. आजच्या साध्या मशीनवर लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मोठ्या तुकड्यांत मागितलं तर सेकंदाला काही शे मेगाबाइट रँडम डेटा देतं, कारण आत २०१६ पासून, म्हणजे ४.८ आवृत्तीपासून, चाचा२० चालतो आणि तो मुळातच वेगवान सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) आहे. वेळ खाते ती प्रत्येक वेळी कर्नलमध्ये जाऊन परत यायची फेरी. एका फेरीला साधारण काहीशे नॅनोसेकंद लागतात, आणि तुम्ही चारच बाइट मागितले तरी फेरी तेवढीच. उलट झोशिरो एक नंबर नॅनोसेकंदाच्या आत देतो. म्हणजे छोट्या छोट्या मागण्यांमध्ये फरक शेकडोपट दिसतो, मोठ्या मागणीत तो बराच कमी होतो.

आता हिशोब करा. लॉगिनला एक टोकन लागतं, त्याच रिक्वेस्टमध्ये डेटाबेसकडे जाऊन यायला मिलिसेकंद जातात, तिथे काहीशे नॅनोसेकंद म्हणजे काहीच नाही. मॉन्टे कार्लोमध्ये (रँडम आकड्यांवर चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये) अब्जावधी नंबर लागतात तिथे मात्र हा फरक खरा आहे, आणि तिथे सिक्युअरची गरजही नसते. सिक्युअरही हवा आणि अब्जावधीही हवेत अशी केस फार क्वचित येते. ती आली तर खाली स्वतःच्या बफरचा प्रश्न वाचा, घाई न करता.

कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेमकं काय कॉल करायचं?

लिनक्सवर गेटरँडम. हा सिस्टीम कॉल (कर्नलकडे थेट मागणी) कर्नल ३.१७ मध्ये २०१४ ला आला, आणि जीलिबसीने (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने) त्याचं फंक्शन २.२५ मध्ये २०१७ ला दिलं, म्हणून फार जुन्या डिस्ट्रोवर कर्नलमध्ये आहे पण लायब्ररीत नाही अशी विचित्र अवस्था सापडते. ओपनबीएसडीवर आर्कफोर-रँडम आणि त्याची भावंडं, नावात आरसी४ या जुन्या सायफरची आठवण राहिलीये पण आतला आरसी४ २०१४ च्या आसपासच काढून चाचा२० बसवलाय, तेव्हा नाव बघून घाबरू नका. फ्रीबीएसडी आणि मॅकवरही आर्कफोर-रँडम चालतं, त्या दोन्हींच्या कर्नलमध्ये फॉर्च्युना नावाचा जनरेटर आहे. विंडोजवर बीक्रिप्ट-जेन-रँडम, सिस्टीमचा पसंतीचा जनरेटर वापर असा फ्लॅग देऊन. जुनं क्रिप्ट-जेन-रँडम मायक्रोसॉफ्टनेच डेप्रिकेट केलंय, नव्या कोडमध्ये घालू नका. ब्राउझरमध्ये क्रिप्टोचं गेट-रँडम-व्हॅल्यूज, एका कॉलमध्ये ६५५३६ बाइटची मर्यादा आहे आणि जास्त मागितले तर एरर येते.

हे सगळं स्वतः जोडत बसण्यापेक्षा भाषेची स्टँडर्ड लायब्ररी वापरा, पायथॉनमध्ये सीक्रेट्स मॉड्यूल (३.६ पासून आहे), गो मध्ये क्रिप्टो-रँड, जावात सिक्युअर-रँडम. ही मंडळी आतून वरचेच कॉल करतात आणि सिस्टीमनुसारचे फरक त्यांनी आधीच सोसलेले असतात.

डेव्ह-रँडम चांगलं की डेव्ह-यूरँडम? यूरँडम कमी सुरक्षित असतं असं वाचलंय.

हा गैरसमज लिनक्सच्या जुन्या मॅन पेजमधून पसरला आणि आजही नव्या कोडमध्ये सापडतो. दोन्ही म्हणजे कर्नलकडून रँडम बाइट वाचायच्या फाइली, आणि दोन्हींच्या मागे जनरेटर एकच. जुना डेव्ह-रँडम फक्त आत एक मीटर ठेवायचा, किती एन्ट्रॉपी (न ओळखता येणारी अनिश्चितता) उरली त्याचा अंदाज, आणि मीटर खाली आला की वाचणाऱ्याला थांबवून ठेवायचा. पण एन्ट्रॉपी टाकीतल्या पाण्यासारखी वापरून संपत नाही. जनरेटरला एकदा २५६ बिट खरोखर न ओळखता येण्यासारखे मिळाले की त्यातून वाटेल तेवढा आउटपुट काढा, सायफर तुटल्याशिवाय कुणाला पुढचा बाइट सांगता येणार नाही. आणि सायफर तुटला तर तुमचं टीएलएस, म्हणजे वेबचं एन्क्रिप्शनही, तुटलेलं असेल.

मार्च २०२० च्या ५.६ कर्नलपासून डेव्ह-रँडमसुद्धा एकदा सुरुवात झाली की थांबवत नाही. फ्रीबीएसडी आणि मॅकवर तर ही दोन नावं एकाच गोष्टीची आहेत. आता उरलेला खरा फरक फक्त मशीन नुकतं चालू झाल्याच्या क्षणांचा, तो पुढच्या प्रश्नात.

सर्व्हर बूट होताना रँडमवर अडकतो, किंवा जावा ॲप सुरूच होत नाही. काय करू?

बूटच्या वेळी कर्नलकडे पुरेशी अनिश्चितता जमलेली नसते. मग दोनच पर्याय, थांबायचं किंवा जे आहे ते देऊन मोकळं व्हायचं. गेटरँडम थांबतं, यूरँडम देऊन मोकळं होतं. माझं मत स्पष्ट आहे, थांबणं बरोबर. न थांबल्याने काय होतं ते २०१२ मध्ये दिसलं. संशोधकांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक की गोळा करून तपासल्या तर टीएलएसच्या ०.५० टक्के होस्टच्या आरएसए की निव्वळ एकमेकींशी ताडून फोडता आल्या, कारण राउटर, फायरवॉलसारखी छोटी यंत्रं पहिल्यांदा चालू होताच, एन्ट्रॉपीचा पूल रिकामा असतानाच, की बनवत होती आणि दोन वेगळ्या यंत्रांना एकच प्राइम नंबर मिळत होता.

अर्थात थांबण्यालाही किंमत आहे. २०१९ मध्ये लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये एक चांगला बदल झाला, बूटच्या वेळी डिस्ककडे जाणं कमी झालं, त्यामुळे डिस्कच्या हालचालीतून जमणारी एन्ट्रॉपी कमी झाली आणि काही मशीन बूटच होईनात. म्हणजे कोड जलद केला आणि सिस्टीम बंद पडली! ५.४ मध्ये त्यावर उपाय आला, पूल रिकामा असेल तर कर्नल स्वतःच सीपीयूच्या टायमिंगमधल्या चढउतारांतून एन्ट्रॉपी जमवतं.

तर कर्नल नवं असेल तर तुम्हाला काही करायची गरज नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर व्हर्टआयओचं रँडम डिव्हाइस (होस्टकडून रँडम बाइट आणून देणारं) जोडा, ते एक सेटिंग आहे आणि फुकटचा फायदा आहे. जावा ८ मध्ये स्ट्राँग इन्स्टन्स मागणारा कोड जुन्या कर्नलवर थेट डेव्ह-रँडम वाचतो आणि तिथेच अडकतो, नेहमीचा कन्स्ट्रक्टर वापरला की प्रश्न मिटतो. सीड म्हणून फाइलमध्ये ठरावीक आकडा टाकून ठेवणं हा उपाय बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो, तो कृपा करून करू नका.

यूरँडम वाचतोय तरी टोकन बनवणं खूप हळू आहे, असं का?

मी हे स्वतः बघितलंय म्हणून नीट सांगतो. एका सर्व्हिसमध्ये टोकनचं एकेक अक्षर काढायला एक फंक्शन होतं. ते फंक्शन यूरँडमची फाइल उघडायचं, एक बाइट वाचायचं, फाइल बंद करायचं. टोकन ४० अक्षरांचं. म्हणजे एका टोकनला १२० सिस्टीम कॉल, आणि वर भाषेची फाइल लायब्ररी एक बाइट मागितला तरी आतून ४०९६ बाइट ओढत होती, त्यातला एक वापरून बाकीचे फेकून. सिस्टीम कॉल दाखवणारं स्ट्रेस (strace) लावल्यावर स्क्रीनवर नुसतं उघड, वाच, बंद, उघड, वाच, बंद पळत होतं. त्याआधी टीममध्ये आठवडाभर चर्चा चाललेली की सिक्युअर जनरेटर परवडत नाही, साधा लावू या. शेवटी एका कॉलमध्ये ३२ बाइट मागून घेतले आणि ते एन्कोड केले, तेवढ्यावर ते फंक्शन प्रोफाइलमध्ये दिसेनासंच झालं.

त्यामुळे आधी स्ट्रेस किंवा तुमच्या सिस्टीमवर जे काही असेल ते लावून बघा, फेऱ्या किती होतायत ते मोजा. एका टोकनला एक कॉल. फाइल उघडण्याऐवजी गेटरँडम, कारण फाइलचा रस्ता अजून दोन ठिकाणी दगा देतो, चेरूट करून (बाकी फाइलसिस्टीमपासून तोडून) ठेवलेल्या डिरेक्टरीत ती फाइल नसू शकते आणि प्रोसेसचे फाइल डिस्क्रिप्टर संपले तर ती उघडतच नाही. दोन्ही वेळा एरर न तपासणारा कोड शून्यांनी भरलेला बफर टोकन म्हणून देऊन टाकतो.

लिनक्स ६.११ पासून, म्हणजे २०२४ पासून, गेटरँडम व्हीडीएसओमधूनही (कर्नलने प्रोसेसच्याच मेमरीत ठेवलेल्या कोडमधून) चालू शकतं, कर्नलची फेरी बहुतेक वेळा वाचते. जीलिबसी २.४१ ते आपोआप वापरते. म्हणजे नव्या सिस्टीमवर छोट्या मागण्यासुद्धा आता पटकन होतात.

मग मी स्वतःच मोठा बफर भरून ठेवतो आणि त्यातून थोडं थोडं देतो. चालेल?

स्पीड मिळेल, पण जेवढ्या गोष्टी बिघडू शकतात त्यातल्या बऱ्याच इथेच बिघडतात. मुख्य म्हणजे फोर्क. प्रोसेसने फोर्क केलं की मेमरीची हुबेहूब कॉपी होते, त्यात तुमचा बफरही आला आणि त्यातली कुठपर्यंत वापरलं ती खूणही आली. आता आईप्रोसेस आणि मूलप्रोसेस दोघी पुढचे तेच ३२ बाइट काढणार, दोन वेगवेगळ्या युजरना एकच सेशन आयडी जाणार. टेस्टमध्ये हे दिसत नाही कारण टेस्टमध्ये वर्कर एकच असतो, प्रॉडक्शनमध्ये आठ असतात.

प्रोसेस आयडी बदलला का ते बघून बफर फेकायचा, हा नेहमीचा उपाय अर्धवट आहे, कारण आयडी फिरून परत वापरले जातात, नातवाला आजोबांचाच आयडी मिळू शकतो. लिनक्सवर ४.१४ पासून मेमरीच्या पानांना फोर्क झाल्यावर पुसून टाक असं सांगता येतं, ओपनबीएसडीवरही त्याच कामाची सोय आहे, पण विंडोजवर फोर्क हा प्रकारच नाही, म्हणजे प्रत्येक सिस्टीमला वेगळा कोड. शिवाय थ्रेडमधलं लॉकिंग, वापरलेले बाइट लगेच पुसणं, व्हर्च्युअल मशीनचं स्नॅपशॉट (पुढचा प्रश्न) हे सगळं तुमच्या गळ्यात. यातल्या प्रत्येकाचं उत्तर तुमच्याकडे लिहून तयार असेल तरच बफर ठेवा. नसेल तर आर्कफोर-रँडम जिथे आहे तिथे ते वापरा, त्याच्या लेखकांनी हेच काम केलेलं आहे.

एक सुरक्षित मधला मार्ग आहे. एकाच कामाला एकदम बरेच नंबर लागत असतील, समजा दहा हजार कूपन कोड बनवायचेत, तर त्या फंक्शनच्या आत एका फटक्यात बाइट घ्या, वापरा आणि फंक्शन संपताना टाकून द्या. बफर फंक्शनच्या बाहेर राहिलाच नाही की फोर्कचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

व्हर्च्युअल मशीनचं स्नॅपशॉट घेऊन दोनदा चालवलं तर?

फोर्कसारखंच, फक्त अख्ख्या मशीनचं. दोन्ही कॉपींमधल्या कर्नलची स्थिती सारखी, त्यामुळे नवी एन्ट्रॉपी मिसळेपर्यंत दोघांचे आकडे सारखे येऊ शकतात. यासाठी हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) मशीनला एक पिढी-क्रमांक देतो, तो बदलला की कर्नलने लगेच नवा सीड घ्यायचा. विंडोजने हे पाळलंय आणि लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर २०२२ च्या ५.१८ मध्ये आला. पण कर्नल सावध झालं तरी तुमच्या प्रोसेसमधल्या बफरला काहीच कळत नाही.

सीपीयूमध्ये रँडम नंबर देणारी आरडीरँड इन्स्ट्रक्शन आहे, थेट तीच वापरली तर सगळ्या सिस्टीमवर सारखी चालेल आणि फास्टही होईल ना?

दोन्ही गृहीतकं डळमळीत आहेत. एक म्हणजे ती वाटते तेवढी फास्ट नाही, एका नंबरला शेकडो सायकल जाऊ शकतात, आणि २०२० मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधली एक गळती बुजवणारा मायक्रोकोड आला तेव्हापासून बऱ्याच मॉडेलवर ती आणखी मंदावली. दुसरं म्हणजे ती एआरएमवर नाहीच.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ३००० मालिकेत असा दोष निघाला की इन्स्ट्रक्शन यशस्वी झाली म्हणून सांगायची आणि उत्तरात प्रत्येक वेळी सगळे बिट १ द्यायची. काही लिनक्स डिस्ट्रो त्यामुळे बूटच झाल्या नाहीत. बायोस अपडेटने ते सुटलं. पण ज्यांनी कर्नलकडून नंबर घेतले त्यांच्या नंबरांना काही झालं नाही, कारण कर्नल आरडीरँडचं उत्तर बाकीच्या स्रोतांत मिसळतं, एकट्या त्याच्यावर विसंबत नाही. मिसळण्याचा फायदा हाच की एक स्रोत नासका निघाला तरी बाकीचे सांभाळून घेतात.

मर्सेन ट्विस्टरचा पिरियड इतका प्रचंड आहे, मग तो टोकनला का चालत नाही?

पिरियड म्हणजे आकडे परत कधी सुरू होतात एवढंच. मर्सेन ट्विस्टर या साध्या जनरेटरचा पिरियड २ चा १९९३७ वा घात वजा १ आहे, खरंच प्रचंड. पण त्याची आतली स्थिती ६२४ शब्दांची आहे, आणि सलग ६२४ आउटपुट कुणी बघितले तर गणिताने उलट जाऊन ती पूर्ण स्थिती काढता येते, पुढचे सगळे आकडे त्याच्या हातात. पासवर्ड रिसेटचे टोकन त्यातून येत असतील तर हल्लेखोर स्वतःच्या अकाउंटवर रिसेट मागत राहतो आणि मग तुमचं टोकन सांगतो. झोशिरो, पीसीजी, जावाचा साधा रँडम (त्याची स्थिती तर ४८च बिटांची) यांचंही तेच, सिम्युलेशनला चालतात, गुपिताला नाही.

सीड म्हणून वेळ घेतली तर? मिलिसेकंदांपर्यंत अचूक आहे.

एका दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात. आकडा मोठा वाटतो पण साध्या लॅपटॉपवर एवढे सगळे सीड थोड्याच वेळात तपासून होतात, आणि सर्व्हरची वेळ अंदाजे माहीत असेल तर काही हजारच तपासावे लागतात. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकर सॉफ्टवेअरचं अगदी हेच झालं, पत्ते पिसण्याचा सीड मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवर होता, आणि पाच पत्ते बघून संशोधकांनी अख्खा कॅट ओळखून दाखवला.

पत्त्यांमध्ये अजून एक गोष्ट लक्षात येते. ५२ पत्त्यांच्या रचना साधारण २ चा २२६ वा घात एवढ्या आहेत. ३२ बिटांचा सीड दिला तर त्यातल्या जास्तीत जास्त ४२९ कोटीच कधी येऊ शकतात, बाकीच्या कधीच नाही, मागचा जनरेटर कितीही भारी असला तरी.

० ते ९ मधला आकडा हवाय, बाइट घेऊन १० ने भागून बाकी घेतो. यात चूक काय?

बाइटमध्ये २५६ किमती. २५६ म्हणजे २५ वेळा १० आणि वर ६. म्हणून ० ते ५ प्रत्येकी २६ वेळा येतात आणि ६ ते ९ प्रत्येकी २५ वेळा. फरक ४ टक्क्यांचा, डोळ्याला दिसत नाही पण आहे.

आता सहा आकडी ओटीपी घ्या. कुणीतरी विचार केला की २० बिट पुरतात, कारण २ चा २० वा घात म्हणजे १०४८५७६. दहा लाखाने भागून बाकी घेतली तर वरचे ४८५७६ आकडे गुंडाळून परत खाली येतात, म्हणजे ० ते ४८५७५ मधला प्रत्येक ओटीपी बाकीच्यांच्या दुप्पट वेळा येतो. अंदाज करणारा तिथूनच सुरुवात करेल. उपाय सोपा आहे, दहा लाख किंवा जास्त आला तर टाकून द्या आणि परत मागा, शंभरातून पाचेक वेळाच परत मागावं लागतं. इथे अचूकपणाची किंमत ५ टक्के आहे, आणि ती मोजायला मी एका पायावर तयार असतो. ३२ बिट घेऊन बाकी काढली तर हाच कल साधारण चार हजारात एक इतका उतरतो, पण मग नाकारणंही तितकंच दुर्मिळ होतं, तर मग बरोबरच करा ना.

भागाकार महाग पडतो म्हणणाऱ्यांसाठी लेमिर यांची २०१९ ची पद्धत आहे, गुणाकार करून वरचे बिट घ्यायचे आणि भागाकार फक्त क्वचितच करायचा. म्हणजे इथे स्पीड आणि अचूकपणा दोन्ही मिळतात. आर्कफोर-रँडम-युनिफॉर्म नाकारण्याचं काम स्वतःच करतं, पायथॉनचं रँडबिलोही.

० ते १ मधला दशांश काढताना कधीकधी नेमका १ येतो. हे कसं शक्य आहे?

३२ बिटांचा नंबर सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटांत दशांश ठेवायचा प्रकार) बदलून २ च्या ३२ व्या घाताने भागताय का? सिंगल प्रिसिजनमध्ये २४च अर्थपूर्ण बिट मावतात, त्यामुळे सगळ्यात वरचे १२८ नंबर राउंड होऊन थेट २ चा ३२ वा घात होतात, आणि भागाकार १. साधारण ३ कोटी ३५ लाखांत एकदा. टेस्टमध्ये कधीच दिसणार नाही, जीपीयूवर मात्र एका सेकंदात अनेकदा होईल, आणि मग १ मधून वजा करून लॉग घेतला की इन्फिनिटी, आणि तिथून पुढे सगळं सिम्युलेशन नासतं.

बरोबर पद्धत, सिंगलसाठी वरचे २४ बिट घ्या आणि २ च्या २४ व्या घाताने भागा, डबलसाठी ६४ पैकी वरचे ५३ बिट आणि २ चा ५३ वा घात. एक शिफ्ट आणि एक गुणाकार, चुकीच्या पद्धतीइतकाच वेळ.

तोच सीड दिला तरी विंडोजवर आणि लिनक्सवर वेगळे आकडे येतात. कोण चुकतंय?

बहुतेक कुणीच नाही. सी चं रँड फंक्शन आतून कसं चालावं हे स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत त्याची कमाल किंमत ३२७६७, जीलिबसीत २१४७४८३६४७. त्यामुळे लिनक्सवर लिहिलेला, दहा लाखांपैकी एक ओळ निवडणारा कोड विंडोजवर पहिल्या ३२७६८ ओळींच्या पुढे कधी जातच नाही, आणि कुठे एररही येत नाही.

सी प्लस प्लसमध्ये लोक अजून फसतात. तिथल्या मर्सेन ट्विस्टरचं आउटपुट स्टँडर्डने पक्कं केलंय, डिफॉल्ट सीडवर दहा हजारावा आकडा ४१२३६५९९९५ आलाच पाहिजे. पण त्यावर बसणारी युनिफॉर्म, नॉर्मल वगैरे डिस्ट्रिब्युशन कशी काढायची ते पक्कं नाही, आणि शफलही नाही. म्हणजे इंजिन सारखं, गिअरबॉक्स वेगळा. सगळीकडे तेच आकडे हवे असतील तर इंजिन स्टँडर्डमधलं घ्या आणि डिस्ट्रिब्युशनच्या दहावीस ओळी स्वतः लिहा, वरच्या दोन प्रश्नांतल्या पद्धतीने. नॉर्मलसाठी लॉग आणि साइन लागतात, त्यांचे शेवटचे बिट वेगवेगळ्या लायब्ररीत हलू शकतात, तिथे बिट-टू-बिट सारखेपणाची अपेक्षा ठेवताना हेही तपासा.

विंडोजवर मिनजीडब्ल्यू (जीसीसी कंपायलरची विंडोज आवृत्ती) वापरत असाल तर अजून एक, जीसीसी ९.२ च्या आधी तिथलं रँडम-डिव्हाइस प्रत्येक रनला तेच आकडे द्यायचं. नावात रँडम, डिव्हाइस दोन्ही, आणि प्रत्यक्षात ठरलेली यादी. जुना टूलचेन असेल तर दोनदा चालवून बघा.

सिम्युलेशन बऱ्याच थ्रेडवर चालतं. प्रत्येकाला १, २, ३ असे सीड दिले तर?

जनरेटरवर अवलंबून आहे. साध्या एलसीजीमध्ये (गुणाकार-बेरीज करून पुढचा आकडा काढणाऱ्या जनरेटरमध्ये) शेजारच्या सीडचे प्रवाह एकमेकांशी जुळलेले निघतात, आणि उत्तर चुकीचं असूनही एरर बार छान बारीक दिसतो. हॅश करून सीड पसरवणारे जनरेटर हे सांभाळतात. झोशिरोत जंप फंक्शन आहे, प्रत्येक थ्रेडला एकाच प्रवाहातला दूरदूरचा तुकडा मिळतो, पायथॉनच्या नमपायमध्ये १.१७ पासून सीड-सीक्वेन्स आहे, एका सीडपासून मुलं काढायची. फिलॉक्ससारखे काउंटरवर चालणारे जनरेटर जीपीयूला सोयीचे. रँडम ३२ बिटांचे सीड वाटले तर सुमारे ७७ हजार सीडनंतर दोन सारखे निघायची शक्यता अर्ध्यावर जाते, मोठ्या क्लस्टरवर हे सहज गाठलं जातं, म्हणून ६४ किंवा १२८ बिट घ्या.

एकच जनरेटर सगळ्या थ्रेडनी वाटून घेणं तर नकोच. जीलिबसीचं रँड आत लॉक घेतं, आठ थ्रेड एकमेकांची वाट बघत बसतात आणि एका थ्रेडपेक्षाही हळू चालतात. वर क्रम दर रनला बदलतो. आणि डेटा लोड करणारे वर्कर फोर्कने बनत असतील तर वरचा फोर्कचा प्रश्न इथेही लागू होतो, सगळे वर्कर एकाच प्रकारे चित्रं फिरवतात आणि मॉडेलला विविधता मिळतच नाही.

माझा जनरेटर सगळ्या स्टॅटिस्टिकल टेस्ट पास होतो. मग तो सुरक्षित नाही का?

नाही. टेस्टयू०१ची बिगक्रश किंवा प्रॅक्टरँड या टेस्ट फक्त एवढंच सांगतात की या ठरलेल्या पद्धतींनी पॅटर्न दिसला नाही. १, २, ३, ४ असे आकडे एईएस सायफरने एका माहीत असलेल्या कीने एन्क्रिप्ट करा, प्रत्येक टेस्ट पास होईल, आणि की माहीत असणाऱ्याला प्रत्येक आकडा आधीच माहीत आहे. २००८ मध्ये उघड झालेला डेबियनचा ओपनएसएसएलमधला दोष असाच होता. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या टूलची वॉर्निंग घालवायला २००६ मध्ये दोन ओळी काढल्या, त्याबरोबर पूलमध्ये एन्ट्रॉपी मिसळणंच बंद झालं, फक्त प्रोसेस आयडी उरला, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका आकाराच्या जेमतेम ३२ हजार की. त्यातली कुठलीही एक की हातात घेतली तर ती उत्तम रँडम दिसते. दोष दिसतो तो अनेक मशीनच्या की शेजारी ठेवल्यावर, आणि तो उघड होईपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला होता.

उलटं मात्र खरं आहे. टेस्ट फेल झाली तर जनरेटर टाकून द्या, सिम्युलेशनलाही वापरू नका. १९६० च्या दशकातला रँडू दिसायला ठीकच होता, पण तीन सलग आकडे घेऊन बिंदू काढले तर सगळे १५ प्रतलांत पडतात.

ऑपरेटिंग सिस्टीमचा कॉलच फेल झाला तर? फॉलबॅक म्हणून वेळ आणि प्रोसेस आयडीचा हॅश घेऊ का?

नको. फॉलबॅक लिहिला की तो कधीतरी चालतो, आणि तो चालल्याचं कुणाला कळत नाही. प्रोग्राम तिथेच थांबवा, लॉगमध्ये स्पष्ट लिहा. गेटरँडम सुरुवात झाल्यानंतर २५६ बाइटपर्यंतची मागणी नेहमी पूर्ण देतं, त्याहून मोठी मागणी सिग्नल आला तर अर्धवट परत येऊ शकते, म्हणून परत आलेली संख्या तपासा आणि उरलेले बाइट लूपमध्ये मागा. गेटएन्ट्रॉपी या त्याच कामाच्या फंक्शनला २५६ पेक्षा जास्त मागितले तर थेट एरर.

बंद केलेल्या सँडबॉक्समध्ये सेककॉम्पचा (सिस्टीम कॉल गाळणारा) फिल्टर गेटरँडमला परवानगी देत नसेल तर तिथेही फॉलबॅक नको, फिल्टरमध्ये त्या एका कॉलची नोंद घाला.

सिक्युअर जनरेटर वापरणाऱ्या कोडची युनिट टेस्ट कशी लिहू? दरवेळी वेगळं उत्तर येतं.

नंबर देणारं फंक्शन बाहेरून पास करा, टेस्टमध्ये ठरलेले बाइट देणारं द्या. फक्त ते खोटं फंक्शन टेस्टच्या फोल्डरमध्येच राहू द्या, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने चालू होणारा सीड प्रॉडक्शनच्या बायनरीत ठेवू नका. ठरलेल्या बाइटमध्ये मुद्दाम असे घाला जे नाकारले जायला हवेत, म्हणजे वरच्या ओटीपीच्या उदाहरणात २० पैकी २० बिट १ असलेला नंबर पहिला आणि मग एक बरोबर नंबर, आणि तपासा की पहिला टाकून दुसराच वापरला. शिवाय एक टेस्ट खऱ्या जनरेटरवर, फोर्क करून दोन्ही बाजूंनी एकेक टोकन काढा आणि ती दोन वेगळी आहेत ना ते बघा.